आपण म्हणजे नक्की कोण?

यंदाची थंडी मला बुटांनी सांगितली. सकाळी फिरायला उतरलो, सोसायटीच्या बागेतल्या हिरवळीवरून चार पावलं आडवा गेलो आणि बघतो तर बुटांची टोकं भिजलेली. बिबवेवाडीत आता दवाला पडायला जागा तरी कुठे उरली आहे म्हणा; पण जेवढं गवत आहे तेवढ्यावर ते इमानानं पडतं. वर येऊन बूट गॅलरीत वाळत टाकले, कपाटातून स्वेटर काढला, त्याच्या खिशातून डांबराची गोळी निघाली, आणि तिचा वास नाकात जातो न जातो तोच फोन किणकिणला. मृणालचा मेसेज. "नमस्कार काका. माजी विद्यार्थ्यांची गोल्फ स्पर्धा यंदाही संक्रांतीनंतरच्या रविवारी. आपण खेळणार ना?"

त्या 'आपण'कडे बघून मी इतका वेळ एकटाच हसत बसलो, की नंदा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून डोकावली. "चहा निवतोय," म्हणाली. आमच्याकडे काळजी एवढ्याच शब्दांत करतात.

सदाशिव पेठेतल्या मराठी शाळेचा आणि गोल्फचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. आमच्या शाळेचं मैदान असं होतं, की लांब उडीसाठी धाव घ्यायची तर मुलगा वर्गातूनच पळत निघायचा. गोल्फ हा कॅम्पातल्या शाळांचा प्रांत. आम्ही त्या खेळाबद्दल एवढंच ऐकून होतो, की त्यात माणसं चेंडू मारतात आणि मग तो शोधायला मैलभर चालत जातात. आमच्या वडिलांनी याला खेळ म्हटलं नसतं, हरवणं म्हटलं असतं.

मला गोल्फ लागला तो गवतामुळे. शहराबाहेर, मांजरी गावाकडच्या एका संशोधन संस्थेत उसाच्या रोगांवर माझी सगळी नोकरी गेली. ऊस म्हणजे शेवटी गवतच. फक्त उंच आणि गोड. नदीपलीकडच्या गोल्फ मैदानाच्या हिरवळीवर एका वर्षी तपकिरी चट्टे पडले, तेव्हा कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी गेलो, गुडघे टेकून भिंग लावून पाहिलं. बुरशी होती. "पाणी संध्याकाळी देऊ नका, पहाटे द्या," एवढंच सांगितलं. चट्टे गेले. तिथल्या व्यवस्थापकांना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्या हातात एक काठी देऊन "मारून तर बघा" म्हटलं. मी मारलं. चेंडू कुठे गेला ते आजवर कळलेलं नाही, मी मात्र त्या दिवसापासून तिथलाच झालो. अजूनही फटका मारण्याआधी माझी नजर चेंडूवर न जाता त्याच्याखालच्या गवतावर जाते, आणि माझा खेळ तसा का आहे हे त्यावरून लक्षात यावं.

दिगंबरला तो लागला परराज्यातल्या एका कारखान्याच्या वसाहतीत, जिथे संध्याकाळी दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. आणि मृणाल ही आमच्याच शाळेची, पण आमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. पेठेत तिचा दातांचा दवाखाना आहे. शाळांच्या या स्पर्धेत प्रत्येक शाळेचे चार माजी विद्यार्थी, म्हणजे दोन जोड्या खेळतात हे तिला कळलं, आणि तिनं आमची शाळा त्यात घुसवली. चौथा ओंकार. तो संगणकवाला, वाक्यातलं क्रियापद तेवढं मराठी. "काका, टेन्शन नाही घ्यायचं, जस्ट एन्जॉय करायचं," असं तो म्हणायचा, आणि आम्ही पहिली तीन वर्षं सलग शेवटचे आलो. मृणालची महत्त्वाकांक्षा फार नव्हती. एकदा तरी शेवटून दुसरं यायचं, बस्स.

मी ज्या हिवाळ्याबद्दल सांगतोय तो चौथा.

पण त्याआधी दिगंबरचं सांगायला हवं. दिगंबर माझा पहिलीपासूनचा. बाक एक, डबा एक, शिक्षासुद्धा बहुतेक एकच. शाळेमागच्या गल्लीत आम्ही गोट्या खेळायचो. मातीत टाच फिरवून खळगा करायचा आणि लांबून गोटी त्यात घालायची. यात दिग्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची पाळी आली की तो बाकीच्यांना कोपरानं मागे सारायचा, हात चड्डीला पुसायचा आणि म्हणायचा, "आता आपण!" म्हणजे आता मी. ऐटीत असलेला मुलगा आमच्या पेठेत स्वतःला 'मी' म्हणत नसे. "आपण नाही येणार बुवा." "आपण तर तीन वडे हाणले." हा शब्द मराठीत भारीच सोयीचा आहे. मी म्हणजेही आपण, तुम्ही म्हणजेही आपण आणि सगळे मिळूनही आपण. बोलणारा नि ऐकणारा एकमेकांना ओळखून असले की कुठे अडत नाही.

नोकरीनं दिग्याला लांब नेलं, मी मांजरीलाच राहिलो. तो परत आल्यावर मात्र आम्ही ठरवून बिबवेवाडीत एकाच मजल्यावर समोरासमोर घरं घेतली. मध्ये फक्त जिना. दार उघडलं की दिग्या, पेपर वाचायला दिग्या, नंदानं थालीपीठ लावलं की वासावर दिग्या. पन्नाशीनंतर त्याला गाण्याची हौस आली. पेटी आणली, गुरू केले, आणि रोज सकाळी ठीक सातला त्याचा रियाज सुरू झाला. आवाज खणखणीत होता. सूर त्या आवाजाच्या आसपासच कुठेतरी असायचा, पण दोघांची गाठ पडायची नाही.

एकदा त्याच्या गुरूंनी सगळ्या शिष्यांचा कार्यक्रम ठेवला. दिग्या वीस मिनिटं गायला. संपल्यावर घामेजलेला, डोळे लकाकणारा असा तो व्यासपीठावरून उतरला, आणि इतकी माणसं असताना सरळ माझ्याकडे आला. "कसं झालं रे विन्या?"

भोवती सात-आठ जण उभे होते. पुणेकराला भोवती माणसं असली की जीभ आवरत नाही. मी म्हणालो, "हॉल छान होता."

सगळे हसले. दिग्याही हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला समोरची पेटी वाजली नाही. आठच्या सुमारास तो जिन्यात भेटला आणि हातातला पेपर पुढे करून म्हणाला, "विनायकराव, आपला पेपर चुकून आमच्याकडे आला होता."

भांडला असता तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. पण पहिलीपासूनच्या मित्रानं 'विनायकराव' आणि 'आपण' म्हणायला लागल्यावर तक्रार तरी कशाची करायची? माणूस आदर देतोय. मीही पेटलो. मनात म्हटलं, मी खोटं काय बोललो? मग माझ्याकडूनही 'दिगंबरराव' आणि 'आपण' सुरू झालं. त्याची शैला आणि माझी नंदा यांनी या प्रकाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्या वाट्या पूर्वीसारख्याच जिना ओलांडत राहिल्या, तिकडून चटणी, इकडून लाडू. आम्ही दोघं मात्र अकरा वर्षं एकमेकांशी निमंत्रणपत्रिकेच्या भाषेत बोललो. आणि खरं सांगायचं तर सकाळचे सात वाजले की मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. त्या बेसूर आवाजावर मी उठत होतो, तो गेल्यावर मला घड्याळाचा गजर लावावा लागला.

मृणालला यातलं काही माहीत नव्हतं. पहिली तीन वर्षं मी ओंकारबरोबर खेळलो आणि दिगंबर तिच्याबरोबर. त्या हिवाळ्यात तिनं जोड्या बदलल्या. "तुम्ही दोघं एकाच जिन्यावर राहता, वर्गमित्र आहात. सराव किती सोपा!" नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि ते सांगण्यापेक्षा खेळणं परवडलं.

या स्पर्धेत जोडीला चेंडू एकच असतो. एक फटका याचा, पुढचा त्याचा, आळीपाळीनं, चेंडू खळग्यात जाईपर्यंत. म्हणजे तुम्ही जिथे घाण करून ठेवाल तिथून पुढचं तुमच्या जोडीदारानं निस्तरायचं. संसाराला हे नियम लावले आहेत की संसारावरून हे घेतले आहेत, मला माहीत नाही.

मग महिनाभर दर शनिवारी उजाडताना आम्ही त्याच्या गाडीतून निघायचो. माझ्या डोक्याला माकडटोपी, त्याच्या गळ्यात मफलर. स्वारगेटच्या चौकात चहाच्या टपऱ्यांचा धूर जमिनीलगत बसलेला. शेकोटीभोवती हात पसरून उभे असलेले रिक्षावाले. गाडीत आमचं संभाषण असं:

"आपण पट्टा लावलात ना?"

"लावला."

"काच वर घेऊ का? आपल्याला वारा बाधेल."

"आपली मर्जी."

आणि तरी त्या सकाळी मला हव्याहव्याशा वाटायच्या, हे कबूल करतो. मैदानावर पोचलो की सगळ्या गवतावर दवाची पांढरी साय असायची. त्यावरून चेंडू ढकलला की त्याच्यामागे एक गडद हिरवी रेघ उमटत जायची. चेंडू कुठून निघाला, कुठे वळला, कुठे दमला, सगळं गवतावर लिहिलेलं. दिगंबरची रेघ हमखास खळग्यापाशी जाऊन संपायची. गोट्यांचा हात तोच होता. माझी रेघ खळग्याच्या शेजारून निघून जायची. सूर्य वर आला की दोन्ही रेघा एकदमच नाहीशा व्हायच्या. कापलेल्या गवताचा वास, ओल्या मातीचा वास, आणि नदीवरून येणारा, ज्याबद्दल पुणेकर बोलत नाहीत तो वास. दिगंबर दोन पावलांवर उभा असायचा. कितीदा तोंडापर्यंत आलं की म्हणावं, दिग्या, झालं ते झालं. पण 'दिगंबरराव' म्हणून माफी मागता येत नाही, आणि 'दिग्या' म्हणायचा हक्क माझा मीच घालवला होता.

संक्रांत झाली. जिन्यातून तिळगुळाच्या वाट्यांची अदलाबदल झाली. रविवार उजाडला.

आमच्याबरोबर चालायला आलेली जोडी कॅम्पातल्या एका शाळेची होती. एक निवृत्त कर्नलसाहेब, पांढऱ्या मिशा, नियमपुस्तक मागच्या खिशात. आणि त्यांचा जोडीदार, जो अठरा होलांत, म्हणजे अठरा खळग्यांच्या अख्ख्या फेरीत, बहुधा चार शब्द बोलला. पिशव्या उचलायला दत्तोबा. त्यांचं गाव आता शहरात आलंय. वडील तिथेच बाजरी करायचे, दत्तोबा पंचवीस वर्षं गोल्फवाल्यांबरोबर चालतात. खेळाडू कसा आहे हे त्यांना पहिल्या फटक्यात कळतं. माझा पहिला फटका पाहून त्यांनी चेंडूऐवजी आभाळाकडे पाहिलं.

पण दिवस आमचा होता. कसं कोण जाणे, जमत गेलं. माझे फटके वाकडे जात, दिगंबर ते सरळ करी. दहाव्यावर त्यानं इतक्या लांबून चेंडू खळग्यात घातला की कर्नलसाहेबांनी टोपी काढली. पंधरा होल झाले तेव्हा ओंकारनं लांबून बोटं नाचवून खुणेनं सांगितलं, की आपली शाळा शेवटची नाही! मृणाल तर शेजारच्या हिरवळीवरून शिट्टी वाजवत होती. दातांच्या डॉक्टरला शिट्टी छान वाजवता येते हे मला तोवर माहीत नव्हतं.

सोळाव्यावर दिगंबरचा चेंडू कडेच्या बाभळीखाली उंच गवतात जाऊन बसला. पाळी माझी. मी वाकून पाहिलं; तिथे एक रानगवत माजलेलं होतं, ज्याचं शास्त्रीय नाव मला येत होतं आणि ज्यातून चेंडू काढणं मला येत नव्हतं. मी काठी उगारली, दणकून फिरवली. गवताची एक पेंढी हवेत उडाली. चेंडू होता तिथेच.

आता हा फटका धरायचा की नाही? चेंडू हललाच नाही तर फटका कसला? मी गोंधळून दिगंबरकडे पाहिलं आणि विचारलं, "आता कोणी मारायचं?"

तो हात पँटीला पुसत दोन पावलं पुढे आला होता. डोळे लकाकत होते. म्हणाला, "आता आपण!"

मी आज्ञा पाळली. अकरा वर्षं 'आपण' म्हणजे मी, विनायकराव, हे माझ्या कानात पक्कं बसलं होतं. तो पुढे येतोय हे दिसत असूनही मला वाटलं, जवळून बघायला येतोय. मी परत काठी उगारली आणि मारली. आणि काय सांगू! असा फटका मी जन्मात मारला नव्हता, नंतरही कधी मारला नाही. चेंडू गवतातून सुटला, बाभळीच्या फांद्यांखालून निघाला, हिरवळीवर उतरला आणि घरंगळत खळग्यापासून हातभर अंतरावर जाऊन थांबला.

"अरे, काय केलंस हे!" दिगंबर ओरडला.

कर्नलसाहेबांनी खिशातून पुस्तक काढलं. हवेतला फटका हाही फटकाच. तो मी मारला होता, म्हणजे पाळी दिगंबरची होती. पाळी सोडून मारलं, तेव्हा माझा तो जन्मातला फटका रद्द. वर दोन फटक्यांचा दंड. आणि चेंडू परत बाभळीखाली.

"पण त्यांनीच मला मारायला सांगितलं!" मी म्हणालो.

"मी कधी सांगितलं?"

"आपण म्हणालात ना, आता आपण."

"आपण म्हणजे मी!"

"आपण म्हणजे मी? मला काय माहीत? मला वाटलं आपण म्हणजे मी!"

कर्नलसाहेबांनी एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "एक मिनिट, एक मिनिट. आमच्याकडे अपन म्हणजे हम लोग. मग दोघं मिळून मारणार होतात की काय?"

त्यांचा जोडीदार दिवसभरातलं पहिलं मोठं वाक्य बोलला. म्हणाला, "इंटरेस्टिंग लँग्वेज."

दत्तोबांनी पिशवी खाली ठेवली. "आमच्यात बरं हाय," म्हणाले. "तू म्हंजी तू आन् मी म्हंजी मी."

सतराव्याच्या सुरुवातीला मृणाल आणि ओंकार पुढची जोडी हलायची वाट बघत थांबले होते. बाभळीखालून चेंडू काढून, कसाबसा तो होल संपवून आम्ही तिथे पोचलो. सगळी हकीकत ऐकताना तिचा चेहरा दाढ किडलेली सापडल्यावर होतो तसा झाला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, उरलेल्या दोन होलांत 'आपण' हा शब्द बंद. तू आणि मी. दोघांनाही सांगतेय. वर्गमित्र आहात ना? मग कसली लाज?"

कप्तानाचा हुकूम. पण अकरा वर्षांची सवय. सतराव्यावर दिगंबरला माझ्याशी बोलायचं तर होतं, आणि 'तू' तोंडातून निघेना. तो म्हणाला, "चेंडू किंचित डावीकडे मारण्यात यावा." मी म्हणालो, "प्रयत्न केला जाईल." थोड्या वेळानं म्हणाला, "काठी बदलली गेल्यास बरं होईल."

दत्तोबा म्हणाले, "ह्ये सरकारी पत्र हाय का काय?"

मला हसू आलं. दिगंबरलाही येत होतं, तो मफलरमध्ये तोंड लपवत होता. आणि तेव्हा, सतरावा संपवून अठराव्याकडे चालताना, ते सगळं माझ्या डोक्यात उशिरानं लख्ख झालं. "आता आपण!" हे मला आदरानं म्हटलेलंच नव्हतं. हात पुसत, पुढे येत म्हटलेलं ते शाळेमागच्या गल्लीतलं 'आपण' होतं. खेळाच्या भरात तो अकरा वर्षं विसरला होता. माझ्याशी जुन्या भाषेत बोलला होता. आणि मी असा करंटा, की मित्र परत आला तेव्हा त्याला ओळखलं नाही, त्याच्या बोलण्याचा आदरार्थी अर्थ घेतला. आणि ओरडला तेव्हाही काय म्हणाला होता? "काय केलंस." केलंत नव्हे, केलंस. तेही मी दंडाच्या नादात ऐकून सोडून दिलं होतं.

अठराव्यावर त्यानं पहिला फटका मारला. चेंडूकडे चालत जाताना दत्तोबा बरेच पुढे होते, कर्नलसाहेब बाजूला. मी म्हणालो, "दिग्या."

तो थांबला नाही, पण चाल मंदावली.

"हॉल छान होता म्हणालो ना, ते चुकलं माझं. चारचौघांत बोलायला नको होतं. तू फक्त मला विचारायला आला होतास. मला वाईट वाटतं रे त्याचं. रोज सकाळी सातला वाटतं."

गवत आता सुकलं होतं, बुटांखाली चुरचुरत होतं. मग तो समोर बघतच म्हणाला, "हॉल छान नव्हताच. पंखे बंद होते."

एवढंच. मी मान खाली घालून चालत राहिलो, कारण वर बघितलं असतं तर डोळ्यांचं कारण सांगावं लागलं असतं.

माझा दुसरा फटका बरा गेला, त्याचा तिसरा हिरवळीवर. खळग्यापासून दोन हात. हा शेवटचा चेंडू गेला तर आम्ही शेवटचे नव्हतो. मृणाल आणि ओंकार कडेला एकमेकांचे दंड धरून उभे होते. पाळी कुणाची हे मला नीट माहीत होतं. तरी मी विचारलं, "आता कोणी?"

दिगंबरनं माझ्याकडे पाहिलं. हसू दाबलेलं दिसत होतं. "तू," म्हणाला. "आता तू. मार रे विन्या."

मी चेंडूकडे पाहिलं, सवयीनं खालच्या गवताकडे पाहिलं, आणि मारलं. चेंडू खळग्याच्या काठावर गेला, आत डोकावला, मनात काय आलं कोण जाणे, वळसा घालून पलीकडे जाऊन थांबला.

दिगंबर पुढे आला, हिरवळीकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "गवत छान आहे."

एका फटक्यानं आम्ही शेवटचे आलो. सलग चौथ्यांदा. मृणालनं आमच्याशी चहा होईपर्यंत अबोला धरला, मग तिलाही हसू आवरेना. कर्नलसाहेब प्रत्येक टेबलापाशी जाऊन 'आपण'ची गोष्ट सांगत होते आणि दर वेळी चुकीची सांगत होते. परतताना गाडीत आम्ही दोघं मोठमोठ्यानं बोलत होतो, एकाच वेळी, अकरा वर्षांचा ऐवज उपसत. शंकरशेट रस्त्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि पेरूवाल्याकडून तिखटमीठ लावलेले पेरू घेतले. पट्ट्याचं कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मांजरीला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या शेतावर हुरडा होता. दोन्ही घरं गेलो. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजत होती, तळहातावर चोळून गरम हिरवे दाणे पुढे येत होते, शेजारच्या फडात उसाची पाती वाऱ्यावर सळसळत होती. माझी आयुष्यभराची गवतं ती. त्यांचा आवाज मी झोपेतही ओळखेन. दुपारच्या उन्हात, कुणीही आग्रह न करता, दिग्यानं डोळे मिटले आणि गायला लागला. शैलावहिनी हातातलं कणीस तसंच धरून बसल्या. अकरा वर्षांनी त्यांनी ते ऐकलं होतं.

गाणं संपवून तो माझ्याकडे वळला. "कसं झालं?"

या वेळीही भोवती सात-आठ जण होते. मी त्याच्याजवळ सरकलो आणि हळू आवाजात म्हणालो, "सूर लागत नाही रे तुझा. वरचा तर अजिबातच नाही. पण तू गा. बंद करू नकोस."

तो हुरडा चावत राहिला. "माहीत आहे मला," म्हणाला. "गुरुजीही हेच सांगायचे. तू तेव्हाच हे असं सांगितलं असतंस, तर मी रात्री घरी येऊन तुला शिव्या दिल्या असत्या आणि सकाळी परत बसलो असतो." मग माझ्या हातावर मूठभर दाणे ठेवून म्हणाला, "खा. थंड होतील."

मी पुष्कळदा यावर विचार केला आहे. आमच्या गावाला वाटतं, आपण फार स्पष्टवक्ते. मला आता तसं वाटत नाही. "हॉल छान होता" यात स्पष्ट काय होतं? माणसाला चार पावलं लांब उभं करून मारलेला तो दगड होता. खरं बोलायला जवळ सरकावं लागतं, आणि मी ते फार उशिरा शिकलो.

तर आज सकाळी मृणालला मी उत्तर लिहिलं: "आपण खेळणार."

लगेच प्रश्न आला. "काका, आपण म्हणजे नक्की कोण? लेखी द्या."

लेखी देण्याआधी विचारायला हवं होतं. पावसाळ्यात दिग्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, खेळायचं काही बोललेले नाहीत. मी स्वेटर अंगात अडकवला, दार उघडलं. सात वाजत होते. समोरच्या बंद दाराआडून पेटी वाजत होती आणि तो खणखणीत आवाज सुराच्या शेजारून ऐटीत निघाला होता. मी घंटीपर्यंत नेलेला हात मागे घेतला. जिन्याच्या पायरीवर बसलो. फरशी गार होती. अर्धा तास बसलो असेन.

पेटी थांबली, दार उघडलं. काठी टेकत दिग्या दूध घ्यायला बाहेर आला आणि मला बघून दचकला.

"कधीचा बसलायस इथे?"

"पहिल्यापासून."

"मग? कसं झालं?"

"जिना छान आहे," मी म्हणालो.

तो इतक्या जोरात हसला की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. काठी भिंतीला टेकवून त्यानं मला हात दिला, पायरीवरून उठवलं, मृणालनं लेखी मागितलंय हे माझ्याकडून ऐकलं, हात पायजम्याला पुसले आणि म्हणाला, "दाखव तो मेसेज. काय लिहायचं ते आता आपण लिहिणार."